कारणाचा रकाना

खडकी बाजारात, बेकरीच्या जिन्याखाली
माझं दुकान. सात बाय नऊ.
झेरॉक्स, लॅमिनेशन, भाडेकरार, दहाव्याची पत्रं,
आणि हल्ली जास्त करून
रेझ्युमे.

पूर्वी बायोडेटा म्हणायचे.
वर गणपती टाकू, की नोकरीचा आहे?
एवढं विचारलं की काम सुरू.
कोपऱ्यात फोटो, खाली छंद: वाचन, कॅरम.
कुणीतरी साहेब तो हातात धरायचा,
कपाचा गोल डाग पडायचा त्यावर.
डाग पडला म्हणजे वाचला.

आता पोरं बजावतात,
काका, चौकट नको, दोन रकाने नको,
फोटो तर नकोच, मशीन गोंधळतं.
मशीन म्हणे जाहिरातीतले शब्द घेऊन बसतं
आणि कागद निवडत जातं,
आमची आत्या तांदूळ निवडायची तसं.
पण आत्या, शंका आली तर,
खडा दाताखाली धरून बघायची,
न जाणो, कणीच असेल.

मंगळवारी हुलावळे बाई आल्या.
नलिनी हुलावळे. भोसरीच्या एका शेडमध्ये
एकोणीस वर्षं गिअरचे दाते तपासले.
शेडला कुलूप लागून आता सात महिने.
डब्याच्या पिशवीतून मोबाईल काढून
मेल दाखवला.
अर्ज, रात्री अकरा वाजून चार मिनिटं.
नकार, अकरा वाजून सहा.
‘आपल्या अनुभवाचा आम्ही बारकाईने विचार केला.’
दोन मिनिटांत, बाई म्हणाल्या,
माझ्या कुकरची पहिली शिट्टी होत नाही.

रागावल्या नव्हत्या.
त्यांना फक्त कारण हवं होतं.
माल नापास केला की लाल टॅग बांधायचा,
त्यावर तारीख, कारण, सही.
कारणाचा रकाना कोरा दिसला
तर सुपरवायझर अख्खा ट्रे परत पाठवायचा,
म्हणायचा, बाई, लोखंडालासुद्धा
कळू दे काय चुकलं ते.

मी फाईल उघडली. माझ्याच हातची.
त्यांनी सांगितलं तसं मी टाईप केलं होतं:
जॉब चेकिंग.
जाहिरातीत होतं: क्वालिटी इन्स्पेक्शन.
काम तेच. नावं दोन,
एक माहेरचं, एक सासरचं,
आणि दारावरचा माणूस
फक्त सासरचं ओळखणारा.

मग मी एल्विनची युक्ती सांगितली.
अख्खी जाहिरात उचलायची,
पानाच्या तळाशी चिकटवायची,
अक्षर मुंगीएवढं, रंग पांढरा.
माणसाला दिसत नाही, मशीनला दिसतं.
खोटं नाही हो बाई, नुसतं न दिसणारं.

त्या बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिल्या.
वर बेकरीत कुणीतरी ट्रे आपटले.
नको, म्हणाल्या.
चिरेत लांबी भरून रंग मारलेला माल
मीच बाहेर काढलाय इतकी वर्षं.
कामाला त्यांचं नाव द्या. बस, तेवढंच.

दिलं. पस्तीस रुपये झाले.
आयटीआयचं सर्टिफिकेट लॅमिनेट करून दिलं
तर जाता जाता कडेवरून नख फिरवलं,
थांबल्या.
इथे हवा राहिलीय.

मी चष्मा लावला, ट्यूबखाली धरलं,
तिरकं केलं, परत सरळ केलं.
होती.
केसाएवढी.

हे कुठल्या रकान्यात लिहायचं,
मला ठाऊक नाही.
एवढी वर्षं लोकांचं आयुष्य
एका पानात बसवतोय,
समास कमी करून, अक्षर बारीक करून,
पण नखाला कुठला फॉन्ट?

काल पाव घ्यायला आल्या तेव्हा विचारलं,
आलं का काही?
नाही अजून. चार दिवस झाले.
पण चेहऱ्यावर उजेड होता जरासा.
दोन मिनिटं तर केव्हाच उलटून गेली, म्हणाल्या,
म्हणजे या वेळी
कुणीतरी वाचत असेल.